हिऱ्याचे कूळ आणि माणसाची ओळख



सुरतेच्या महिधरपुऱ्यात हिऱ्यांचा बाजार भरतो. व्यापारी भर रस्त्यात उभे राहून कागदाच्या पुड्या उलगडतात आणि भिंगातून माल पारखतात. गेल्या काही वर्षांत या शहरात एक नवाच हिरा तयार होऊ लागला आहे. हिऱ्याची पातळ चकती बंद पात्रात ठेवतात, त्यात मिथेन व हायड्रोजन वायू सोडून प्रचंड उष्णता देतात, आणि वायूतला कार्बन थराथराने त्या चकतीवर बसत जाऊन काही आठवड्यांत हिरा वाढतो. खाणीतला हिरा जमिनीखाली सुमारे १५० किलोमीटर खोल घडलेला असतो आणि बहुधा त्याला शंभर कोटी वर्षे उलटून गेलेली असतात. पण दोन्हींत कार्बन तोच, रचना तीच, काठिण्यही तेच. मुरलेल्या जवाहिऱ्याच्या भिंगालाही भेद कळत नाही, त्यासाठी यंत्र लागते. जून २०२३ मध्ये आपल्या पंतप्रधानांनी अमेरिकेच्या अध्यक्षांच्या पत्नीला साडेसात कॅरटचा हिरा भेट दिला, तो असाच प्रयोगशाळेतला होता. तरीही बाजारात त्याचा भाव खाणीतल्या हिऱ्यापुढे फार थोडा. गुणांत उणेपणा नाही, मग भावात का? कारण बाजार दगडाचेही कूळ विचारतो!

कूळ विचारू नये ही तर बसवादी शरणांची शिकवण. म्हणून आपण बाजाराला नावे ठेवून मोकळे व्हावे काय? जरा थांबावे. प्रयोगशाळेतला हिरा खाणीतला म्हणून विकणारा गिऱ्हाइकाला फसवतो, आणि ती फसवणूकच आहे. मात्र असत्य तेथे विकणाऱ्याच्या वाणीत आहे, दगडात नाही. दगड आपल्या जन्माविषयी काहीच बोललेला नसतो.

आता दगडाच्या जागी माणूस ठेवून पाहा. विज्ञानकथा म्हटले की पुष्कळ भाविकांना उडत्या तबकड्या आठवतात आणि ते पुस्तक मुलांच्या हाती देतात. त्यांनी फिलिप डिक या अमेरिकन लेखकाची १९५३ सालची ‘इम्पॉस्टर’ ही छोटी कथा समजून घ्यावी. इम्पॉस्टर म्हणजे तोतया. परग्रहाशी युद्ध चालू असताना ओल्हॅम नावाच्या गृहस्थाला अधिकारी अकस्मात पकडतात. तू खरा ओल्हॅम नव्हेस, त्याच्या रूपाचे शत्रूने धाडलेले यंत्र आहेस आणि तुझ्या पोटात बाँब आहे, असा आरोप ते ठेवतात. याला तर बायको आठवते, घर आठवते, सारे आयुष्य आठवते. निर्दोष ठरण्यासाठी तो जिवाच्या आकांताने धावतो. शेवटी रानात खऱ्या ओल्हॅमचे प्रेत सापडते आणि ‘मग मी कोण’ हे लक्षात येण्याच्या क्षणीच स्फोट होतो.

पानिपतानंतर भाऊसाहेबांचा तोतया उभा राहिला आणि १७७६ मध्ये त्याला देहदंड झाला. तो तोतया आपण तोतया आहोत हे जाणून होता, म्हणून त्याचा न्याय करणे कठीण नाही. ओल्हॅमने मात्र खोटे असे काहीच सांगितले नव्हते. तो त्या हिऱ्यासारखाच अजाण. संहार त्याच्या हातून झाला, पण पाप त्याचे म्हणावे काय? मला तसे म्हणवत नाही. आणि त्याला ठेवून घेणे इतरांना शक्य होते, असेही म्हणवत नाही.

मग माणसाची ओळख स्मृतीत आहे म्हणावे, तर आठवणी यंत्रातही भरता आल्या. मे २०२५ मध्ये निवर्तलेले आपले जयंत नारळीकर यांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही कथा या ठिकाणी उपयोगी पडते. गंगाधरपंत हे इतिहासाचे प्राध्यापक अपघातानंतर अशा जगात जाऊन पडतात, जेथे पानिपत मराठ्यांनी जिंकले आहे. मुंबईत मुलाच्या कचेरीत चौकशी करावी, तर त्या नावाचा कोणी तेथे नाहीच. देह तोच, आठवणी त्याच, पण पुत्र नाही म्हणून पितेपण गेले. अशा वेळी हा माणूस काय करतो? ग्रंथालयात जाऊन इतिहासाचे ग्रंथ उघडून बसतो! जग बदलले तरी कायक सुटले नाही.

परंतु नारळीकर त्यांना तेवढ्यावर सोडत नाहीत. आझाद मैदानावरच्या सभेत अध्यक्षाची खुर्ची रिकामी दिसताच पंत न बोलावता मंचावर चढून भाषण करू लागतात. त्या जगातल्या श्रोत्यांना अध्यक्ष नकोच असतो, ते अंडी आणि टोमॅटो फेकून मारतात. आपल्या जगात पंतांनी नऊशे नव्याण्णव सभांचे अध्यक्षपद भूषवलेले. मुलगा सोबत आला नाही, पण खुर्चीची हौस मात्र आली.

म्हणजे परक्या जगात पंतांबरोबर कायक गेले तसा अहंकारही गेला. मोळिगे मारय्यांविषयी परंपरा सांगते की ते काश्मीरचे राजे होते. राज्य सोडून कल्याणात आले आणि मोळ्या विकून दासोह करू लागले. राजेपण मागे ठेवून येणे त्यांना साधले. गंगाधरपंतांना आपल्या जगात खुर्ची सोडता आली नव्हती, म्हणून दुसऱ्या जगात ती आधी दिसली. विश्व किती आहेत, खरे कोणते, हे विज्ञान पाहून घेईल. ‘मी’ म्हणून जे आपण घट्ट धरून बसलो आहोत, त्यातले कायक कोणते आणि खुर्ची कोणती, एवढे आपणांस याच विश्वात निवडून ठेवता येईल.

पंत आपल्या जगात परतले तेव्हा त्यांच्या खिशात बखरीचे एक फाटके पान होते. विश्वासरावांना गोळी लागली नाही, चाटून गेली, असे त्यावर छापलेले. कथा वाचणारे बहुतेक सारे त्या पानाविषयी बोलतात. पंतांनी हजाराव्या सभेचे अध्यक्षपद नाकारले, तिकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही.