सावली कुणाच्या खात्यावर?

आमच्या वाशीत एप्रिल लागला, की माणसाची पत त्याच्या दारातल्या सावलीवरून ठरते. या हिशेबाने आम्ही दिवाळखोर. २०१९ साली सरकारने राज्यात ३३ कोटी झाडे लावण्याचा संकल्प सोडला, तेव्हा ती बातमी मी दुसऱ्याच्या झाडाखाली बसून वाचली होती. यंदा मात्र दारात झाड लावायचेच, असा ठराव घरात एकमताने पास झाला. कोणते, यावर मते फुटली.

हिने गुलमोहर काढला. तो मूळचा मादागास्करचा, त्याला आमची निकड काय कळणार? उन्हाचा तडाखा सुरू होतो नेमका तेव्हा हा उघडाबोडका उभा! शिवाय वळवाच्या वाऱ्यात फांदी मोडणार, ती आमच्याच पत्र्यावर. चिरंजीवांनी निलगिरी सुचवली. पण निलगिरीची सावली म्हणजे बचत खात्याचे व्याज, आहे असे म्हणायचे. शेवटी लिंब ठरला. मुरमाड जमीन त्याला चालते, पाऊस रुसला तरी तो रुसत नाही, आणि पाने गाळली तरी पाडव्याला कोवळ्या पालवीनिशी हजर.

आता जागा. घर पूर्वेकडे तोंड करून, मोकळी जागा तेवढी पुढे, त्यापुढे रस्ता. मी पडलो बी.कॉम., कागद घेऊन बसलो. सकाळी सावली आमच्या ओट्यावर. पण सकाळी ती हवी कुणाला? बाराला बुंध्याशी. आणि दुपारी तीनला, भिंती तव्यासारख्या तापल्या, की सारी सावली रस्त्याकडे, पंक्चरवाल्याच्या टपरीवर! म्हणजे खड्डा माझा, टँकरचे विकत पाणी माझे आणि लाभार्थी तो. याच गृहस्थाने गेल्या महिन्यात एका पंक्चरचे मला तीन पंक्चर करून दाखवले होते.

सम्राट अशोकाने माणसांना नि जनावरांना सावली व्हावी म्हणून रस्त्याकडेने वड लावले, हे खरे. पण ते त्याने दगडावर कोरूनही ठेवले. पावती त्यालाही हवीच होती की!

मग आठवले, गेली अकरा वर्षे माझी स्कूटर ज्या चिंचेखाली उभी असते, ती कुणी लावली हे मी कधी विचारलेसुद्धा नाही. अकरा वर्षांची बिनव्याजी उचल, खतावणीत नोंद नाही! पण कर्ज एकाचे आणि फेड भलत्याच्याच खात्यात, हे कुठल्या नियमात बसते? तेही पंक्चरवाल्याच्या?

रविवारी खड्डा खणायला घेतला. पंक्चरवाला रस्ता ओलांडून आला.

"काय लावताय साहेब?"

"लिंब."

त्याने एकदा सूर्याकडे, एकदा टपरीकडे बघितले. "मग दोन हात पुढं घ्या की."

मी बराच वेळ विचार केला, आणि एक हात पुढे घेतला.