आता गरज नाही

आमच्या जामनेरच्या घरातल्या संगणकावर लिनक्स आहे. काळ्या पडद्यावर ‘अ‍ॅप्ट’ला हुकूम देऊन प्रोग्रामचं एक पॅकेज मागवावं, तर नवरदेवामागे वऱ्हाड यावं तशी आणखी अकरा येतात. पुढे नवरदेवाला काढलं, की ‘ऑटोरिमूव्ह’ची यादी तयार: ही मंडळी आपोआप आली होती, आता गरज नाही, काढू? नुसतं एंटर दाबलं तरी होकारच!

परवा माझं बोट थबकलं. मुलांना सांभाळायला आलेली आत्या आत वांगी भाजत होती. मुलं तर कधीच पुण्याला गेली. गरजेपुरतं आलेल्या माणसाचा हक्कही गरजेपुरताच का?

अ‍ॅप्टकडे उत्तर आहे. ‘मॅन्युअल’ अशी खूण केली, की ते पॅकेज आपण होऊन मागवलेलं ठरतं. ऑटोरिमूव्ह त्याला हात लावत नाही.

“आत्या, तुझ्यावर खूण केली बरं का!”

“मेल्या, आधी वांगी सोल.”