गळ कोणाच्या जिभेत?

मृगाचा पाऊस कोसळला, ओहोळ गढूळ होऊन धावू लागले, की शहापूर-मुरबाडकडे गावोगाव एकच गलका होतो: वलगण चढली! नदीतले मासे अंडी घालायला प्रवाहाच्या उलट ओहोळांत आणि तिथून भातखाचरांत चढतात. तशा एका रात्री मामा, मामेभावंडं आणि मी बॅटऱ्या घेऊन मुरबाड तालुक्यातल्या आजोळच्या ओहोळावर गेलो.

मासा आपला जुना गुरू. भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूत यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगतो, त्यांत मासाही आहे. आमिषाला भुलून तो गळाला लागतो. म्हणून आधी जीभ जिंकावी. एकनाथांनी याच स्कंधावर 1573 मध्ये काशीत पूर्ण केलेल्या मराठी टीकेतही हा धडा आहे.

गुडघाभर पाण्यात उभं राहिल्यावर मात्र तो धडा मला उलटा दिसू लागला. वलगणीच्या माशापुढे आमिष नसतंच. तो खायला आलेला नसतो, पोटातली गाभोळी घेऊन आलेला असतो. त्याची जीभ नव्हे, वाट धरावी लागते. मग जिभेच्या ओढीने इथे आलं कोण?

मामाने बांबूचा सापळा निम्म्याच ओहोळात लावला. मी विचारलं, "मामा, सगळा का नाही अडवला?"

"वरच्या खाचरातबी माणसं हायेत की रं."

दया नाही, धर्म नाही. सरळ वाट्याचा हिशेब. पण त्या हिशेबात माशालाही अर्धी वाट मिळून गेली. संयमाला दरवेळी तत्त्वज्ञान लागत नाही, शेजारी असला तरी भागतं.

पहाटे पाऊस उघडला, तेव्हा देहरीकडचे गोरखगड-मच्छिंद्रगडाचे सुळके आठवले. मच्छिंद्रनाथांनी माशाच्या पोटात राहून शिवाचा उपदेश ऐकला, अशी नाथपंथाची कथा. अवधूत माशाकडे बाहेरून पाहून शिकला, मच्छिंद्रनाथ आत राहून. बाहेरून पाहिलं तर मासा हावरट. आतून पाहिलं तर लेकुरवाळा.

एवढं सगळं कळूनही दुपारी मामीने ताटात गाभोळी वाढली, तेव्हा मी ती खाल्ली. वर आणखी मागितली. अवधूताच्या मापाने पाहिलं तर त्या वलगणीत गळाला लागलेला एकच होता, आणि तो पाटावर बसून जेवत होता.