सणानंतरचें शरीर

मार्गशीर्षाच्या अमावास्येस धाराशिव व लातूर या जिल्ह्यांतील शेतकरी कुटुंबासह शेतांत जेवावयास जातात. या सणास येळवस म्हणतात. भज्जी, उंडे व आंबील यांचें तें जेवण आल्यागेल्या सर्वांस मिळतें. त्याच सुमारास ज्वारीचा हुरडा येतो. मग नाताळ, नवें वर्ष आणि संक्रांतीचा तीळगूळ. तेरसारख्या गांवीं हे दोन महिने पंक्तींमागून पंक्तींचे जातात. पुढें फेब्रुवारींत अंगरखा तंग होतो, चढण चढतांना दम लागतो, आणि या वाढलेल्या देहाचें काय करावें, असा प्रश्न मनांत येतो. हा प्रश्न वैद्याचा दिसतो. परंतु त्याच्या मुळाशीं नीतीचा प्रश्न आहे.

प्रथम वस्तुस्थिति पाहूं. अमेरिकेंत १९५ प्रौढ माणसांचें वजन सणांच्या आधीं व नंतर मोजण्यांत आलें, व तें निरीक्षण २००० सालीं प्रसिद्ध झालें. सरासरी वाढ पाव किलोहून थोडी अधिक, म्हणजे सुमारें ३७० ग्रॅम, निघाली. लोकांस जेवढी वाटत होती त्याहून ती पुष्कळ कमी होती. परंतु पुढील महिन्यांत ती उतरली नाहीं. यंदाचें थोडें गतवर्षीच्या थोड्यांत मिळत जातें, हाच खरा धोका होय. आम्ही तर अंगानें किडकिडीत, आम्हांस काय भय, असें कोणी म्हणेल. पुण्याच्या केईएम रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनीं दाखविलें आहे कीं, आमच्या लोकांचे हातपाय बारीक दिसले तरी पोटाभोंवतीं चरबी साठते, व तिच्यापासून मधुमेह जडतो. २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीप्रमाणें भारतांत दहा कोटींहून अधिक लोकांस मधुमेह आहे. म्हणून घरांतील सुतळीनें कंबर मोजावी. पुरुषाची ९० व स्त्रीची ८० सेंटिमीटरहून अधिक भरल्यास सावध व्हावें.

आतां सणांत जेवणें हें पाप होतें काय? आमच्या मतें नाहीं. ज्या पंक्तीस शेजारी बसला, ज्या शेतांत वाटसरूस हांक मारून आंबील दिली, तिचा पश्चात्ताप करणें म्हणजे प्रीतीचाच पश्चात्ताप करणें होय. प्रभु स्वतः काना येथील लग्नास गेला होता. दोष जेवणाचा नाहीं. सण संपल्यावरहि ताट सणाचेंच ठेवण्याचा आहे.

दुसरे कित्येक याच्या उलट टोंकास जातात. महिनाभर खाल्लें, म्हणून आठ दिवस उपाशी राहून देहास शिक्षा करितात. तेर हें गोरोबा कुंभारांचें गांव. त्यांची समाधि तेथें आहे. त्यांनीं थापटण्यानें संतांचीं डोकीं ठोकून कच्चें मडकें कोणतें तें पाहिलें, व नामदेवांस राग आला, ही कथा सर्वांस ठाऊक आहे. परंतु त्याच कथेंत पुढें नामदेव विसोबा खेचरांकडे शिकावयास गेले, हें आम्ही विसरतों. कच्चें म्हटल्यानें कोणी पक्कें होत नाहीं. त्यास काळ लागतो. ओलें मडकें एकदम आव्यांत घातलें तर आंतील पाण्याची वाफ होऊन तें फुटतें. म्हणून कुंभार तें सावलींत हळूहळू वाळवितो. देहाचेंहि तसेंच आहे. कडक उपवासानें चरबीबरोबर मांसहि झिजतें, आणि मधुमेहाचें औषध घेणाऱ्याची साखर एकाएकीं उतरून प्राणावर बेततें. अशानें वैद्यास विचारल्यावांचून जेवण सोडूं नये.

तिसरा पक्ष शास्त्राचा आधार घेतो. शारीरिक कसरत थोडीच उपयोगी आहे, असें पौलानें तीमथ्यास लिहिलें, मग आम्ही देहाची काळजी कां करावी? परंतु वाचकहो, थोडी म्हणजे मुळींच नाहीं असें नव्हे. पौल स्वतः गांवोगांव पायीं हिंडणारा होता. आजचा उपदेशक मोटरसायकलीवर जातो, गुरुजी खुर्चीवर बसतात, दुकानदार गादीवरून उठत नाहीं. त्यांस ती थोडी कसरत पूर्वीपेक्षां अधिक लागते.

ती किती, याचा हिशेब सोपा आहे. एक किलो चरबींत सुमारें ७,७०० कॅलरी असतात. मध्यम बांध्याचा मनुष्य झपाट्यानें तासभर चालल्यास सुमारें अडीचशें खर्च होतात. म्हणजे नुसत्या चालण्यानें एक किलो उतरण्यास महिना पाहिजे. चहांतील साखर व तळलेले पदार्थ कमी केले तर काम लवकर होतें. आठवड्यास निदान दीडशें मिनिटें तरी चालावें, असें जागतिक आरोग्य संघटनेचें सांगणें आहे. भाकरी, डाळ व पालेभाजी हें आमचें नित्याचें जेवण यास पुरेसें आहे. विकतच्या चूर्णांची गरज नाहीं.

परंतु हा उपदेश सर्वांस सारखा लागू नाहीं, हें नीट ध्यानांत ठेवावें. जो मजूर दिवसभर ऊंस तोडतो, त्यास व्यायामाची नव्हे, तर विश्रांतीची व डाळीची गरज आहे. ज्या बाईनें पंक्तीमागून पंक्ती वाढल्या, ती स्वतः शेवटीं, उरलेलें व शिळें खाऊन बसली. तिच्या कमरेस सुतळी लावून हंसण्यापूर्वीं नवऱ्यानें पाण्याचा हंडा उचलावा. तिला सकाळचा अर्धा तास मोकळा मिळेल, व त्याचाहि व्यायाम होईल. आणि एकाच वस्तींत एकाचें पोट सुटलें असून दुसऱ्याचें मूल उपाशी निजत असेल, तर पहिल्यानें सोडलेला घास दुसऱ्याच्या घरीं पोंचला पाहिजे. तसें न झाल्यास त्याचा संयम निव्वळ आपल्या रूपाची हौस ठरेल.

म्हणून लठ्ठ मनुष्यास कोणी तुच्छ मानूं नये, व बारीक मनुष्यानें आपणांस पुण्यवान समजूं नये. शरीर हें आपल्या एकट्याच्या मालकीचें नाहीं. म्हातारे आईबाप, लेंकरें व शेजारी यांचा त्यावर हक्क आहे. पन्नाशींतच आंथरूण धरलेला बाप तो हक्क बुडवितो, मग त्यानें तसें मनांत आणिलें असो वा नसो. वाचकहो, आज संध्याकाळीं नदीपर्यंत चालत जा, उद्यांहि जा. आणि एखादा दिवस चुकला तर खंत न करितां परवां पुन्हां निघा.