काही नाही, जाऊ द्या



लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात आपण दहा आज्ञा पाठ केल्या. खोटे बोलू नये, असे आठवी आज्ञा शिकवते. ती आठवताना आपल्या मनात मोठमोठी खोटी कामे येतात. कोर्टातली साक्ष येते, बाजारातला व्यवहार येतो. पण घराघरांत रोज दोन लहान वाक्ये बोलली जातात, तिकडे आपले लक्ष जात नाही. ज्याला कमी ऐकू येते, तो न ऐकताच "हो, हो" म्हणून मान डोलावतो. आणि त्याने "काय म्हणालात?" असे विचारले, की ज्यांना नीट ऐकू येते ते म्हणतात, "काही नाही, जाऊ द्या." या दोन वाक्यांचा आज आपण थोडा विचार करू या.

चष्मा दिसतो, काठी दिसते, पण बहिरेपण दिसत नाही. म्हणून ते किती पसरलेले आहे हे आपल्या ध्यानात येत नाही. २०११च्या जनगणनेत आपल्या देशात ५० लाखांहून अधिक लोकांची नोंद श्रवणदोष असलेले म्हणून झाली. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली जो अहवाल काढला, त्यात २०५० पर्यंत जगात दर चार माणसांमागे एकाला कमी-अधिक प्रमाणात ऐकण्याचा त्रास असेल, असा अंदाज आहे. म्हणजे ही कोणा दुसऱ्याची गोष्ट नाही. मिस्साला एका बाकावर बसणाऱ्या चौघांची ही गोष्ट आहे.

कान कसे जातात, हे थोडे समजून घ्यावे. कानाच्या आत शंखासारखा एक लहान अवयव असतो. त्यात केसासारखी टोके असलेल्या सूक्ष्म पेशी असतात. आवाज मेंदूपर्यंत पोहोचवण्याचे काम त्या करतात. वयाने त्या झिजतात, मोठ्या आवाजाने मरतात, आणि एकदा गेल्या की पुन्हा उगवत नाहीत. ८५ डेसिबलच्या वर आवाज रोज आठ तास कानांवर पडत राहिला, तर कानांना इजा होऊ शकते. आपल्या जिल्ह्यात कापसाच्या जिनिंगमध्ये वर्षानुवर्षे उभे राहिलेले कामगार आहेत. मळणी यंत्राजवळ आणि ट्रॅक्टरवर आयुष्य काढलेले शेतकरी आहेत. त्यांच्या कानांनी घर चालवण्याची किंमत मोजली आहे, असेच म्हणावे लागेल. आता वरातीतल्या डीजेमुळे तरुण मुलेही त्याच वाटेने चालली आहेत.

वयामुळे किंवा गोंगाटामुळे ऐकणे कमी होते, तेव्हा बहुतेकदा बारीक आवाज आधी जातात. मुलाचा जाड आवाज ऐकू येतो, पण नातीचा कोवळा आवाज येत नाही. शब्दांतले 'स', 'श', 'फ', 'थ' असे उच्चार गळून पडतात. आपण "साठ" म्हणतो, त्यांना "आठ" ऐकू येते. म्हणून अशी माणसे सांगतात, "ऐकू येतं, पण कळत नाही." आणि घरचे म्हणतात, "यांना पाहिजे तेवढंच बरोब्बर ऐकू येतं!" हा आरोप बहुतेक वेळा अन्यायाचा असतो.

आता पहिल्या वाक्याकडे वळू. न ऐकताच "हो" म्हणणे खोटेपणा आहे का? आम्हाला वाटते, त्याला पाप म्हणण्याची घाई करू नये. त्यामागे कोणाला फसवण्याचा हेतू नसतो. लाज असते, आणि थकवा असतो. दिवसभर अर्धवट शब्द जुळवत बसणे ही मोठी मेहनत आहे. तीन वेळा विचारून झाल्यावर चौथ्यांदा विचारायला जीभ धजत नाही. तरीपण त्या "हो"चे परिणाम खरे असतात. डॉक्टरांनी गोळी अर्धी सांगितली की पूर्ण, हे कळले नसताना मान डोलावली जाते. बँकेत कशावर सही केली हे समजलेले नसते. आणि हळूहळू आपली माणसे आपल्याशी नव्हे, तर आपल्या डोलणाऱ्या मानेशी बोलू लागतात.

दुसरे वाक्य त्याहून जड आहे, कारण ते बोलणाऱ्याच्या हातात बळ आहे. "काही नाही" असे आपण म्हणतो तेव्हा काहीतरी नक्की असते. कोणीतरी हसलेले असते, काहीतरी ठरलेले असते. आपल्या बोलण्याचा खरा अर्थ एवढाच होतो, की "तुम्ही यात नाही." सुरुवात विनोदापासून होते. पुढे नातीचे स्थळ, शेताची वाटणी, घराचा व्यवहार, सगळे त्या माणसाच्या डोळ्यांदेखत आणि त्याच्या नकळत होते. आईबापांचा मान राखा, ही चौथी आज्ञा त्यांना वेळेवर जेवण दिले म्हणजे पाळली गेली, असे नाही. म्हातारपणी वडिलांची समज कमी झाली तरी त्यांना तुच्छ लेखू नये, असे बेनसिराच्या ग्रंथात तिसऱ्या अध्यायात शिकवले आहे. कान कमी झालेल्यांची तर समजही शाबूत असते.

येथे दुसरी बाजूही ऐकली पाहिजे. घरात एकच गोष्ट दहा वेळा सांगण्याचे काम बहुधा सुनेच्या वाट्याला येते. चूल, मुले, शेत सांभाळून ती दमलेली असते. तिच्या तोंडून "जाऊ द्या" निघाले, तर तिला निष्ठुर ठरवणे आपल्याला शोभत नाही. म्हणूनच आम्हाला वाटते, की ऐकणे हे एकट्या कानाचे काम नाही आणि एकट्या माणसाचेही नाही. ते बोलणारा आणि ऐकणारा या दोघांचे काम आहे. ते एकावरच टाकले, तर एक मोडून पडतो.

संत लूक यांच्या शुभवर्तमानात पहिल्याच अध्यायात याचा एक सुंदर दाखला आहे. योहानाच्या जन्माच्या वेळी त्याचे वडील जखऱ्या मुके झाले होते. लोकांनी त्यांना खुणांनी विचारले, त्यावरून त्यांना ऐकूही येत नसावे असे दिसते. नातेवाइकांनी बाळाचे नाव परस्पर ठरवून टाकले होते. पण आईने ते नाकारले, तेव्हा त्यांनी वडिलांना खुणा करून विचारले. जखऱ्यांनी पाटी मागितली आणि नाव लिहून दिले. दोघांनी आपापले काम केले. लोकांनी विचारण्याचे कष्ट घेतले आणि जखऱ्यांनी साधन मागण्याची लाज बाळगली नाही. आजचे श्रवणयंत्र ही अशीच एक पाटी आहे.

मग मशीन का घेतले जात नाही? एक कारण लाजेचे आहे. चष्म्याला कोणी हसत नाही, बहिरेपणावर मात्र आपण विनोद करतो. दुसरे कारण पैशांचे आहे, आणि ते खरे आहे. कपाशी-सोयाबीनचे पीक हातचे गेले, त्या वर्षी घरात हजारो रुपयांच्या यंत्राचा विषय कोण काढील? कित्येकदा आजोबाच म्हणतात, "माझे किती दिवस राहिले? पोरांच्या शाळेला लागतील." हा त्याग आदराने पाहावा असाच आहे. पण नम्रता वेगळी आणि स्वतःला मोडीत काढणे वेगळे. देवाने दिलेले दिवस थोडे असोत की पुष्कळ, ते माणसांत राहून काढण्यासाठी आहेत. अलीकडच्या वैद्यकीय अभ्यासांत तर स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणाऱ्या, पण ज्यावर उपाय करता येतो अशा गोष्टींत ऐकण्याच्या त्रासाचाही समावेश केलेला आहे.

म्हणून आधी तपासणी करून घ्यावी. काही वेळा कानात नुसता मळ साचलेला असतो आणि तो काढला की काम भागते. कानात तेल ओतणे, काडी घालणे टाळावे. सरकारी रुग्णालयातील कान-नाक-घसा विभागात दाखवावे. गरजू ज्येष्ठांसाठी केंद्र सरकारने २०१७ साली राष्ट्रीय वयोश्री योजना सुरू केली. आपल्या राज्याने २०२४ साली मुख्यमंत्री वयोश्री योजना आणली. तिच्यात ६५ वर्षे पूर्ण झालेल्या, उत्पन्नाच्या अटीत बसणाऱ्या ज्येष्ठांना अशा साधनांसाठी एकदा ३,००० रुपये देण्याची तरतूद होती. योजनांचे नियम बदलतात, म्हणून समाजकल्याण कार्यालयात जाऊन चौकशी करावी. आपल्या शिकलेल्या तरुणांनी एखाद्या आजीचा अर्ज भरून दिला, तर तीही प्रभूची सेवाच होईल.

मशीन घेतलेल्यांनाही एक सांगायचे आहे. पहिल्या आठवड्यात भांड्यांचा खणखणाट, पंख्याचा घरघराट नकोसा होतो, आणि पुष्कळ मशीन कपाटात जाऊन पडतात. मेंदूने ते आवाज बरीच वर्षे ऐकलेले नसतात. त्याला पुन्हा सवय लागायला काही आठवडे, कधी काही महिने लागतात. सुरुवातीला शांत खोलीत एकाच माणसाशी बोलावे, मग वेळ वाढवत न्यावा. आवाज बोचत असेल तर मशीन लावून देणाऱ्याकडे पुन्हा जाऊन ते जुळवून घ्यावे. आंघोळीच्या वेळी ते काढावे, पावसाळ्यात ओलाव्यापासून जपावे. मशीन गेलेले कान परत देत नाही, ते फक्त मदत करते. उरलेले काम आपण बोलणाऱ्यांनी करायचे आहे. समोर येऊन, तोंडावर उजेड असेल असे बसून, सावकाश बोलावे. ओरडू नये, ओरडण्याने शब्द फाटतात. एकदा कळले नाही, तर तेच वाक्य दुसऱ्या शब्दांत सांगावे.

आपल्या धर्मग्रामातही हे करता येईल. वाचन करणाऱ्यांनी माईकसमोर सावकाश वाचावे. पुढचे बाक कमी ऐकू येणाऱ्यांसाठी मोकळे ठेवावेत. पापनिवेदनाच्या वेळी मोठ्याने बोलावे लागेल, या संकोचाने कोणी संस्कारापासून दूर राहू नये. फादरांना आधी सांगितले, तर बाजूच्या खोलीत सोय होऊ शकते. दुभाष्यामार्फत पापनिवेदन करण्याचीही ख्रिस्तसभेच्या कायद्यात मुभा आहे, आणि ते गुपित राखणे दुभाष्यावरही बंधनकारक आहे.

सर्वांनाच मशीनचा उपयोग होतो असे नाही. जन्मतः बहिरे असलेले कित्येक जण खुणांच्या भाषेत जगतात, आणि त्यांच्यात काही उणे आहे असे मानणे चूक आहे. श्रद्धा ऐकण्याने येते, या संत पौलाच्या शिकवणुकीचा काहींनी पूर्वी असा अर्थ लावला, की बहिऱ्यांना श्रद्धा कशी मिळणार? संत फ्रान्सिस द सेल्स यांनी सतराव्या शतकाच्या आरंभी मार्टिन नावाच्या एका बहिऱ्या माणसाला खुणांनी धर्मशिक्षण देऊन कम्युनियन दिले, आणि त्या प्रश्नाला कृतीने उत्तर दिले. याच संतांचे नाव घेतलेल्या संघाचे मिशनरी पुढे आपल्या विदर्भात आले. मुंबईत १८८०च्या दशकात बिशप लिओ म्यूरिन यांच्या पुढाकाराने बहिऱ्या मुलांसाठी शाळा निघाली. आपल्या देशातील अशा पहिल्या शाळांत ती गणली जाते. आणि २०२४ साली त्रिशूर येथे फादर जोसेफ थेर्मादम या बहिऱ्या तरुणाला गुरुदीक्षा मिळाली.

संत मार्क यांच्या सातव्या अध्यायातील बहिऱ्या माणसाला प्रभू येशूने बरे केले, ते आपण सर्व जाणतो. त्याआधी प्रभूने काय केले, याकडेही पाहावे. त्याला गर्दीतून बाजूला नेले. त्याच्या कानांना व जिभेला स्पर्श केला, म्हणजे काय चालले आहे हे त्याला कळावे. चमत्कार करणे आपल्या हाती नाही, पण बाजूला नेणे, जवळ बसणे आणि कळेल असे सांगणे आपल्या हाती आहे.

हे प्रभो, ज्यांना कमी ऐकू येते त्यांना "मला ऐकू आले नाही" असे म्हणण्याचे धैर्य दे, आणि आम्हाला पुन्हा एकदा सांगण्याची सहनशीलता दे. आमेन.