तुलाधाराची तागडी आणि छापील किंमत

महाभारताच्या शांतिपर्वात तुलाधार नावाचा काशीचा वाणी आहे. विकतो काय, तर रस, सुगंधी द्रव्यं, मुळ्या, औषधी; मद्य सोडून सगळं. म्हणजे आमच्याच धंद्यातला. जटांत पाखरांनी घरटं केलं तरी न हललेला तपस्वी जाजली याच दुकानदाराकडे धर्म शिकायला येतो. तुलाधाराचं सांगणं असं, की आपली तागडी सर्वांना सारखी.

मिरजेत मी जन्मभर औषधांचं दुकान चालवलं. वजन सारखं ठेवता येतं हो, पण भाव काय लावायचा?

कौटिल्य सरळ आकडा देतो: देशी मालावर शेकडा पाच नफा, परदेशी मालावर दहा, वर गेलात तर दंड. उलट मदिनेत महागाई झाली तेव्हा लोकांनी भाव बांधून मागितले आणि प्रेषित मुहंमदांनी ते नाकारले, असं हदीस सांगतात. कुणाच्या मालाच्या बाबतीत आपल्या हातून अन्याय होऊ नये, ही त्यांना धास्ती. मला दोन्ही पटतात, आणि अडचण तीच आहे.

आपल्याकडच्या 1995 च्या औषध किंमत आदेशात उत्पादनखर्चावर कमाल शंभर टक्के वाढ धरत. खर्च किती, हे विचारलं तरी जाई. 2013 पासून एक टक्का किंवा जास्त खप असलेल्या ब्रँडांच्या किमतींची सरासरी काढतात, वर दुकानदाराचे सोळा टक्के. बाजारालाच विचारून बाजाराला लगाम! नफा किती रास्त, हा प्रश्न सरकारने सोडूनच दिला.

तरी लगाम नको असं मी म्हणणार नाही. भाजीवाल्याकडून गिऱ्हाईक उठून जातं. आमच्याकडे लिहिणारा वेगळा, विकणारा वेगळा, गिळणारा वेगळा आणि पैसे देणारा बहुधा चौथाच. ज्याला नाही म्हणता येत नाही, त्याच्याशी झालेल्या व्यवहाराला सौदा कसं म्हणायचं? फेब्रुवारी 2017 मध्ये औषधी लेप असलेल्या स्टेंटची कमाल किंमत 29,600 रुपये झाली. त्याआधी पेशंटला तोच लाखाच्या वर पडे.

पण भाव फार दाबला की माल बनेनासा होतो. ऑक्टोबर 2024 मध्ये स्ट्रेप्टोमायसिन, लिथियम, साल्ब्युटामॉलच्या गोळ्या अशा आठ औषधांची कमाल किंमत सरकारलाच पन्नास टक्क्यांनी वाढवावी लागली. कंपन्यांना आधीची परवडत नव्हती. कागदावर स्वस्त आणि दुकानात नाही, असल्या लिथियमचा रुग्णाला काय उपयोग?

टॉनिक, क्रीम यांचे भाव कंपन्यांनी खुशाल ठरवावेत. जीव ज्यावर टांगलाय त्या औषधांचा मात्र खर्च पुन्हा तपासावा, कारखान्याच्या वह्या उघडून.

आणि आमच्या वह्या? जेनेरिक गोळ्यांच्या पट्टीवर खरेदीच्या कितीतरी पट किंमत छापलेली असते. छापलंय त्याहून जास्त घेऊ नको, एवढंच कायदा सांगतो; कमी किती घ्यावं, ते माझ्यावर. मी सूट देई आणि उरलेलं ठेवी. कौटिल्याच्या पाच टक्क्यांत दुकानाचं भाडं, फार्मासिस्टचा पगार आणि मुदत संपलेल्या मालाचा तोटा बसत नव्हता. पण जे ठेवलं ते पाचाच्या पुष्कळ वर होतं.