झारेकऱ्याची चाळण

आमच्या कोल्हापूरच्या गुजरीत सोनाराच्या दुकानातला केर म्हणजे केर नव्हे. झारेकरी तो विकत घेतो, धुतो, गाळतो आणि आपल्याला नुसती माती दिसते तीतून सोन्याचे कण काढतो. आपण त्याचे कौतुक करतो. पण तो काही धर्मकृत्य करीत नसतो, त्याला पोट आहे. मग लोभाने घडलेल्या चांगल्या गोष्टीला चांगली म्हणावे काय?

विजेच्या गाड्यांनी हा जुना प्रश्न माझ्यापुढे नव्याने टाकला. या गाडीची बॅटरी काही वर्षांनी थकते. थकते म्हणजे मरत नाही. गाडी ओढण्याचा जोर गेला, तरी सौर विजेचा साठा ती पुढेही सांभाळू शकते. अगदीच निकामी झाली, की तिची काळी भुकटी करतात आणि ती आम्लात विरघळवून लिथियम, निकेल, कोबाल्ट वेगळे काढतात. हेही झारेकऱ्याचेच काम; चाळण तेवढी मोठी. जगातला बहुतेक कोबाल्ट काँगोच्या खाणींतून येतो, आणि तिथे काही ठिकाणी पोरेही राबतात. जुन्यातून जेवढे निघेल, तेवढे नवे खणणे कमी. शिवाय परदेशी जाणारा पैसा वाचतो, तो वेगळाच.

पुण्य आणि नफा एकाच गाडीत बसले, असे वाटते ना? पण शिशाची बॅटरी पाहा. शिसे मोलाचे, म्हणून ती उकिरड्यावर सहसा दिसायची नाही. भंगारवाला दारात येऊन पैसे मोजतो. पुढे ती एखाद्या चोरट्या भट्टीत गेली, तर आम्ल गटारात जाते आणि शिशाची धूळ शेजारच्या पोरांच्या रक्तात उतरते. लोभ मोलाचे तेवढे उचलतो; विष तिथेच ठेवतो.

त्याहून अवघड कोडे पुढेच आहे. हल्ली पुष्कळ गाड्यांत लोह-फॉस्फेटची बॅटरी असते. स्वस्त, टिकाऊ, पण तीत निकेल नाही, कोबाल्ट नाही. झारेकऱ्याने ती धुवावी कशासाठी? २०२२ च्या नियमांनी ही जबाबदारी उत्पादकावर टाकली, आणि २०२६-२७ पासून गाडीच्या बॅटरीतले ९० टक्के द्रव्य परत मिळवण्याचे बंधन घातले. मला हे आवडले. त्यात कुणाच्या चांगुलपणाची वाट पाहिलेली नाही. खर्च अखेर गाडीच्या किमतीत चढेल, हे खरे. चढू दे; गाडी पळवणार आपणच ना?

या पाडव्याला आमच्या शेजारी विजेची दुचाकी येणार आहे. हार घालून झाला, पेढा हातावर पडला, की मालकांना मी विचारणार आहे, ‘हिच्या पोटात निकेल आहे, की लोखंड?’ दुसरा पेढा बहुधा मिळणार नाही.